विस्तवाविना जोड

आश्रुबाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. साखर कारखान्यात बावीस वर्षं त्याची पहिली पाळी चारची असे. कारखाना बंद पडून तीन हंगाम झाले होते. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणून कारखान्याला कुलूप. भोंगा वाजायचा थांबला तरी आश्रुबाचा डोळा त्याच वेळेला उघडे. उशाला दोन घड्याळं असत. पहिल्यावर भरवसा नाही म्हणून दुसरं घेतलं, आणि दुसऱ्यावरही नाही म्हणून तो दार उघडून एकदा आभाळ बघून घेई.

"आवं, घड्याळाला काय पडलंय तुमच्याशी खोटं बोलायचं?" छबुबाई अंथरुणातूनच म्हणे.

"बंद पडलेलं घड्याळ बी लांबून चालूच दिसतं," आश्रुबा म्हणे आणि चूळ भरायला पिंपातलं अर्धा तांब्या पाणी काढी. अर्धाच. टँकर तीन दिवसांनी येत होता.

साडेचारला तो संस्थेच्या शेडवर असे. नेकनूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सोसायटीचं खताचं जुनं गोदाम होतं. खत घालायला शेतात काही उरलं नव्हतं, तेव्हा चेअरमन विठ्ठलरावांनी तिथे नवी औद्योगिक सहकारी संस्था उभी केली. वाळूजच्या एका कंपनीने दोन मशीन वापरायला दिल्या, माल कंपनीचा, मजुरी संस्थेची. हे दोन हजार अठराच्या जूनमधलं. गावातल्या चार जोड्यांना काम मिळालं. चारही जोड्या एरवी दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या. आश्रुबाला संस्थेने महिन्याच्या पगारावर मिस्तरी म्हणून घेतलं. मशीन साफ ठेवायच्या, हवा भरणारा कॉम्प्रेसर सांभाळायचा आणि माल निघताना कागदावर सही करायची.

काम असं होतं. बोटभर रुंद तांब्याची पट्टी आणि तेवढीच ॲल्युमिनियमची. दोन्ही ई-रिक्षाच्या बॅटरीत बसायच्या. दोन्हींची टोकं ऐरणीवर एकावर एक ठेवायची. पायाने पेडल दाबलं की वरून दातेरी तोंडाचा दांडा हवेच्या दाबाने खाली येई, पट्ट्या आवळून धरी आणि जागच्या जागी आडवा थरथरे. सेकंदाला वीस हजार वेळा, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. दोन्ही धातूंवरचा कळकट थर त्या घासण्याने निघून जातो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि तिथेच एक होतो. काही वितळत नाही. अर्ध्या सेकंदात जोड तयार. ठिणगी नाही, धूर नाही, पट्टी हातात घ्यावी तर चहाच्या कपाएवढी कोमट.

आश्रुबाला हे पटलं नाही. त्याने हयात वेल्डिंगमध्ये घालवली होती. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं विस्तवात जमत नाही हे त्याला ऐकून नव्हे, करून माहीत होतं. कारखान्यात त्याने चार वेळा प्रयत्न केला होता. जोड बसलेला दिसे, आणि थंड झाला की हातोडीच्या एका टिचकीने काचेसारखा तडके. मग विस्तव न लावता हे कसं जमतं? कंपनीच्या माणसाने हवेत बोटं नाचवून सांगितलं, तेव्हा आश्रुबाने त्याच्या बोटांकडे पाहिलं. एकाही बोटावर भाजल्याचा डाग नव्हता. त्या माणसाच्या बोलण्याला त्याने तेवढीच किंमत दिली.

आणखी एक गोष्ट त्याला खटकत होती. मशीन चालू झाली की शेडसमोरचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाई आणि बंद होईपर्यंत परत येत नसे. माणसाला नुसती किरकिर ऐकू येई, कुत्र्याला त्याहून काहीतरी जास्त. आश्रुबाच्या मते कंपनीच्या माणसापेक्षा कुत्रं खरं बोलत होतं.

पण नांगी टाकून बसणारा तो नव्हता. पहाटे, कोणी यायच्या आत, त्याने स्वतः एक पट्टी जोडली. घरी नेली. परसातल्या कडुनिंबाच्या फांदीला बांधली आणि खाली जात्याची तळी टांगली. तळी आधी किराणा दुकानात नेऊन काट्यावर घातली होती, अठरा किलो. तीन दिवस तळी लोंबकळत राहिली. जोड सुटला नाही. दुसरी पट्टी त्याने मिठाच्या पाण्यात आठ दिवस ठेवली. पाणी हिरवं झालं, जोड तसाच.

"आता तरी पटलं का?" छबुबाईने विचारलं. तिला तळी परत हवी होती.

"ह्या दोन पट्ट्यांचं पटलं," आश्रुबा म्हणाला.

जुलैचा माल कंपनीने बिनबोभाट घेतला. ऑगस्टचाही गेला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र अख्खा लॉट परत आला. बरोबर चिठ्ठी होती. यातले जोड हाताने सोलले तरी निघतात, आणखी एक लॉट असा आला तर काम बंद आणि मशीन परत. पुढचा लॉट चोवीस हजार पट्ट्यांचा, सहा ऑक्टोबरला द्यायचा. दसरा अठराला.

ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादम त्रिंबकला हे कसं कळलं देव जाणे. दुसऱ्याच दिवशी तो मोटारसायकलवर शेडसमोर येऊन उभा राहिला. "काय जावईबापू," तो भारतला म्हणाला, "आवंदा ट्रकात जागा ठिवू का तुमच्या कोयत्याला? का इथंच किरकिर ऐकत बसता?"

भारत आश्रुबाचा जावई. आश्रुबाची एकुलती लेक केशर त्याला त्याच गावात दिली होती, मधे फक्त दोन गल्ल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तोडीची मोजणी असते. मागच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना केशरचा पाय घसरला. मोळीसकट खाली आली. बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हिने पुन्हा वजन उचललं तर पुढे चालणं कठीण. केशर उठताना अजून भिंतीचा आधार घ्यायची. इथे ती बसून काम करत होती. संस्था बंद पडली तर भारत तिला घेऊन ट्रकात चढणार, कारण एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला कोणी ट्रकात घेत नाही. आश्रुबाला झोप लागत नव्हती ती याच्यामुळे.

त्याने संशयाचं काम हातात घेतलं. आधी मशीन. दात पितळी ब्रशने घासले, भिंगातून पाहिले, झिजलेले नव्हते. मग माल. जुलैनंतर तांब्याचं नवं बंडल आलं होतं, ते जुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर अरुंद होतं. खिशातल्या व्हर्नियरने त्याने ते तीन ठिकाणी मोजलं आणि कंपनीकडे कळवलं. कंपनीने सांगितलं, चालतं. मग वीज. दिवसा व्होल्टेज पडायचं, पण मशीनचा दिवा तेव्हा लाल होऊन ती आपोआप थांबायची. राहिली माणसं.

माणसांत त्याची नजर सिदूवर गेली. लांबच्या भिंतीजवळच्या दोन नंबर मशीनवर सकाळी भारत आणि केशर, दुपारी सिदू आणि त्याची बायको मंजुळा. भारत पाळीला पंधराशे पट्ट्या काढी. सिदू अकराशे.

"काय बे सिदू, त्याच मशीनवर जावई पंधराशे काढतो. तुला काय झालं?"

"मामा, हवेच्या दाबाचा काटा खाली आला की मी थांबतो. तुमीच म्हणलतात, काटा पाचावर आला की मंगच पेडल दाबायचं."

"म्हणलतो. पण थांबायचं म्हणजे हुक्का ओढत बसायचं का?"

"ह्यांचं असंच हाय," मंजुळा मधेच म्हणाली. "जेवायला बसले तरी ताट वाळून जातंय."

सगळे हसले. सिदू हसला नाही. "मोजा की तुमी," एवढंच म्हणाला. आश्रुबाने मोजलं नाही. जो माणूस काम हळू करतो तो नीटही करत नाही, असं त्याने कारखान्यात पाहिलं होतं. विठ्ठलराव म्हणाले, दसऱ्याला सिदूची जोडी कमी करू. आश्रुबाने मान डोलावली.

मान डोलावली खरी, पण पुराव्याशिवाय सही करायची नाही हा त्याचा कायदा होता. चार ऑक्टोबरला पहाटे पावणेपाचला त्याने सिदूचा डबा फळीवरून खाली घेतला.

डब्याची गोष्ट सांगायला हवी. नवऱ्याने जोडायचं आणि बायकोने तपासायचं, हा नियम विठ्ठलरावांचा. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "तुमी कोयत्यावर राबणारी माणसं. इथं बी कोयताच लावू. जोडीला एक मजुरी." लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. आश्रुबालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. तपासणी अशी, दर शंभरातून एक पट्टी घ्यायची, तांबं शिकंजाच्या जबड्यात आवळायचं, ॲल्युमिनियम पकडीने उपटायचं. जोड पक्का असेल तर ॲल्युमिनियम जोडाच्या शेजारी फाटतं आणि त्याचा तुकडा तांब्यावर चिकटून राहतो. कच्चा असेल तर पट्टी जशीच्या तशी सुटते. एक जरी सुटली तरी मागच्या शंभर बाद, त्यांची मजुरी नाही. फाटलेले तुकडे त्या त्या जोडीच्या डब्यात टाकायचे. पाळीला पंधरा, चार दिवसांचे साठ. लॉट गेला की डबा भंगारात रिकामा करायचा.

सिदूचा डबा त्याने वर्तमानपत्रावर ओतला. तुकडे चव्वेचाळीस, अकराशेच्या हिशेबाने बरोबर. फाटलेली कड पांढरी, चकचकीत, प्रत्येक वेगळी. कालच्या जास्त उजळ, परवाच्या जराशा मंद. एकूण एक जोड तांब्यावर घट्ट बसलेला. आश्रुबाने ते उलटेपालटे केले. खोट सापडली नाही, म्हणून त्याला राग आला. केवळ ताडून बघायला म्हणून त्याने भारतचा डबा ओतला.

तुकडे साठ होते. पण कडा काळपट. बोटांच्या मळाने मेणचट झालेल्या. एकेका तुकड्यावर पकडीचे दोन-दोन, तीन-तीन चावे. फाटलेलं ॲल्युमिनियम असं चार दिवसांत होत नाही. आश्रुबाने व्हर्नियर काढला आणि तांब्याची रुंदी मोजली. वीस मिलिमीटर. पुन्हा मोजली. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. सगळे वीस. चालू लॉटचं तांबं साडेएकोणीस होतं. हे तुकडे जुलैचे होते.

व्हर्नियर चुकत असेल, असं त्याला वाटलं. त्याने तो पुसला, शून्य जुळवला आणि नवीन बंडलाची पट्टी मोजली. साडेएकोणीस. व्हर्नियर चुकत नव्हता.

मग त्याने भारतच्या ट्रेमधल्या दहा पट्ट्या काढल्या आणि शिकंजात लावल्या. चार फाटल्या. सहा सुटल्या, कढीपत्त्याच्या काडीवरून पान ओढावं तशा.

तो तिथेच पोत्यावर बसून राहिला. संशय घेणं त्याला कधी जड गेलं नव्हतं. खरं निघणं पहिल्यांदा जड गेलं.

पावणेसहाला केशर झाडायला आली. वर्तमानपत्रावर ओतलेला डबा तिने पाहिला आणि झाडू भिंतीला टेकवला.

"आबा, माझा डबा कावून ओतला?"

"कवाचे तुकडे हायेत हे?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"जुलैचे हायेत," आश्रुबानेच सांगितलं. "दर लॉटला तेच टाकतीस. भंगारात ओतायचे ते कुटं ओततीस?"

"पिशवीत. परत डब्यात." मग ती एकदम बोलू लागली. "ऑगस्टात एकदा तोडली तवा सुटली. ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरी घेतली. ती बी सुटली. आबा, नवऱ्याच्या हातची पट्टी मी चारचौघांत तोडून दाखवू? शंभराची मजुरी मी माझ्या हातानं कापू? पलीकडं एक नंबरवर वत्सलाबाई बसलेली असती, तिचं तोंड तर तुमाला मालूम हाय. अन् ती तरी कुटं खरं तपासती हो? ती बी बघून बघून चांगली पट्टी उचलती."

"ती उचलती. तू तर तोडायचीच सोडलीस."

"मला वाटलं कंपनीला तरी कुटं कळतंय."

"कंपनीला कळलं. बापाला उशिरा कळलं," आश्रुबा म्हणाला. "लॉट परत आला तर तू ट्रकात चढतीस, हे तुला कळलं का न्हाई?"

केशरने भिंतीला हात लावला. "मला वाटलं सिदूभाऊच्या पट्ट्या खराब असतील. सगळे तसंच म्हणत हुते."

तेवढ्यात भारत आला. सहाची पाळी, पाच मिनिटं आधी येणारा माणूस. कामाला वाघ. त्याने पत्नीचं तोंड पाहिलं, डबा पाहिला, सासऱ्याकडे वळला.

"मामा, माझ्यावर शक हाय का?"

"शक सगळ्यांवर हुता, जावईबापू. तुमच्यावर शेवटी आला." आश्रुबाने पकड त्याच्या हातात दिली. "ही तुमची ट्रे. तुमीच निवडा, तुमीच तोडा."

भारतने पहिली तोडली. फाटली. त्याने मान वर केली. दुसरी सुटली. तिसरी सुटली. चौथी फाटली. पाचवी, सहावी सुटली. त्याने पकड खाली ठेवली.

"मशीन खराब हाय," तो म्हणाला.

"बसा. चालवा. रोज चालवता तसं."

भारत बसला. हात चालू झाला, पट्टी, पट्टी, पेडल. पट्टी, पट्टी, पेडल. बघण्यासारखं काम होतं. आश्रुबाने त्याच्या हातांकडे पाहिलं नाही. तो दाबाच्या काट्याकडे बघत उभा राहिला. काटा पाचावर होता. पाचव्या जोडाला साडेचारावर आला. दहाव्याला साडेतीनवर.

"थांबा."

हात थांबला. आश्रुबाने मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. सहाव्या आकड्याला काटा पाचावर परत आला. कॉम्प्रेसर दाराजवळ, ही मशीन भिंतीशी. मधे ऐंशी फूट बारीक रबरी नळी. हवा पोचायला वेळ लागत होता. दाब कमी असला तरी दांडा खाली येई, थरथरे, दातांचा ठसाही तसाच उमटे. वरून बघून कोणाला सांगता आलं नसतं. आतून मात्र धातू धातूला नीट भिडत नव्हता.

"सिदू ह्यासाठीच थांबतो," आश्रुबा म्हणाला. "मला म्हणला बी हुता, मोजा. मी मोजलं न्हाई."

"तुमी सांगितलं हुतं काट्याचं," भारत म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "पण मामा, उसात कोण थांबतं? मागच्या कोयत्याच्या पुढं राहायचं, एवढंच आमाला येतंय. हात रिकामा राहिला की माझा जीव घाबरा होतो."

नऊला विठ्ठलराव जीपमधून आले. आश्रुबाने त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मिस्तरी, लेक तुमची, जावई तुमचा, अन् बोंबलताय बी तुमीच? सिदूकडनं काही घेतलं का?"

"सिदूकडं देण्यासारखं काय हाय, चेअरमनसाहेब? त्येची बायको त्येला ताट देती तेच नवल."

"चोवीस हजारातल्या सहा हजार. परवा टेम्पो हाय. मिसळून देऊ. कंपनी काय एक एक तोडून बघणारंय?"

"मागं बघितल्या म्हणून तर चिठ्ठी आली."

"लॉट पूर्ण गेला न्हाई तरी चिठ्ठीच येणार."

"अठरा हजार पाठवा. बाकीच्या तिन्ही जोड्यांच्या पट्ट्या मी आज स्वतः शंभरातून एक तोडून बघतो, वत्सलाबाईच्या दोन. सहा हजार कावून रोखल्या ते कागदावर लिहून द्या. तुमच्या हातानं."

"अन् न्हाई दिलं तर?"

"निघायच्या कागदावर माझी सही लागती. सही न्हाई."

पन्नास वर्षांत या गावात विठ्ठलरावांना असं बोललेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. मग ते भारतकडे वळले. "ठीक हाय. मग ही जोडी आजपासून बंद. सिदूला राहू द्या."

केशरचा हात पुन्हा भिंतीकडे गेला. आश्रुबाने ते पाहिलं. हे होणार हे त्याला पहाटे पोत्यावर बसल्यापासून माहीत होतं, आणि विनवणी कशी करायची ते त्याला येत नव्हतं. म्हणून तो कामाचंच बोलला.

"जोडी बंद करून काय हुईल? तिथं दुसरी जोडी बसंल. ती बी नवरा-बायकोच. कोणती बाई आपल्या नवऱ्याची शंभर पट्टी बाद करंल? तुमी कारभारनीला विचारा घरी." विठ्ठलरावांच्या ड्रायव्हरला हसू आलं. "तपासणी दुसऱ्या घरात द्या. सिदूच्या पट्ट्या केशर तोडंल, भारतच्या मंजुळा. ट्रे बदलायच्या, बाया आपल्या जागेवर. अन् सहा हजार ह्यांनीच परत काढायच्या, बिनमजुरीनं."

वत्सलाबाई एक नंबरवरून ऐकत होतीच. "चेअरमनसाहेब, मंजूर करून टाका! दुसरीच्या दादल्याच्या खोड्या काढायला कोण न्हाई म्हणंल? पगार बी नको त्याला!"

शेडमध्ये हशा पिकला. कुणकुण लागून लवकर आलेल्या मंजुळाने पकड उचलून तिचा जबडा हवेत दोनदा मिटला. भारत सोडून सगळे हसले. विठ्ठलरावांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, आणि कागद मागवला.

त्या दिवशी आश्रुबाने दीडशेवर पट्ट्या तोडल्या. रामहरी आणि त्याची बायको वत्सलाबाई यांच्या दोन सुटल्या, दोनशे बाद झाल्या, त्या पुन्हा काढाव्या लागल्या, आणि वत्सलाबाईचं तोंड संध्याकाळपर्यंत बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी तो बंद कारखान्याच्या वॉचमनकडे गेला आणि भंगारातला एक इंची लोखंडी पाइप रीतसर पावती करून आणला, वीस फुटांचे चार. रबरी नळी काढून तो जोडला. पाच सांधे आले. प्रत्येकाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघितला. आता दहा जोडांनंतर काटा दोन आकड्यांत परत येऊ लागला. सिदूचे अकराशेचे साडेतेराशे झाले. पहाटे मशीनचे दात घासताना आश्रुबा आता सिदूच्या मशीनवर शेवटी नव्हे, आधी जाऊ लागला.

सहा हजार पट्ट्या भारतने काट्याकडे बघत काढल्या. मंजुळाने पहिल्याच दिवशी त्याच्या शंभर बाद केल्या, मोठ्याने आकडा सांगून. भारतने ओठ आवळले आणि पुन्हा बसला. त्यानंतर तिला बाद करायला काही मिळालं नाही. केशर सिदूच्या पट्ट्या तोडी ती इतक्या जोरात की शिकंजा हले.

कंपनीचा निरोप तेरा तारखेला आला. अठरा हजार पास. मागाहून पाठवलेल्या सहा हजार पास. काम चालू राहील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्रिंबकचा ट्रक गावातून निघाला, भांडी, शेळ्या, कोयते आणि माणसं भरून. आश्रुबा रस्त्याच्या कडेला उभा राहून ट्रकातली डोकी मोजत होता. केशर शेडमध्ये आहे हे त्याने अर्ध्या तासापूर्वीच बघितलं होतं, तरी मोजत होता.

भारत त्याच्याशी बोलायचा बंद झाला. शेडमध्ये कामापुरतं, तेही दुसऱ्याकडे बघून. दिवाळीला जावयाला बोलावणं गेलं. केशर एकटी आली. छबुबाईने भरल्या ताटावर डोळे पुसले. "चार भिंतींत सांगता आलं असतं की तुमाला. जावयाला चारचौघांत पकड द्यायची असती का?"

"चार भिंतींत सांगितलं असतं तर त्यो हो म्हणला असता अन् तसंच केलं असतं," आश्रुबा म्हणाला. पण त्याचंही जेवण अर्धं राहिलं.

त्या साली एक गोष्ट झाली, जिचा कोणी विचार केला नव्हता. दरवर्षी दसरा ते पाडवा गाव अर्धं रिकामं असे आणि टँकरचं पाणी मागे राहिलेल्यांना कसंबसं पुरे. आता चार जोड्या लेकरांसकट घरी राहिल्या होत्या, आणि टँकर वाढायच्या ऐवजी लांबला. पाच दिवसांनी येऊ लागला. ज्याच्याकडे साठवायला आहे त्याचं भागे. भारतच्या घरी दोन पिंपं होती. टँकर आला की केशर हंडे घेऊन पळे, डोक्यावर एक, कमरेवर एक. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ते ती उसात न जाता घरीच मोडत होती. आश्रुबाने हे फेब्रुवारीत पाहिलं, दोन गल्ल्या ओलांडून, एका घराच्या आडोशाला उभं राहून.

मार्चच्या पगाराला त्याचे साठवलेले पैसे पुरेसे झाले. तो बीडला गेला. तीन दुकानं हिंडला. प्रत्येक टाकीत डोकं घालून आतून बोटाने वाजवून पाहिलं. चौथ्या दुकानात दोन हजार लिटरची काळी टाकी घेतली, भाड्याच्या टेम्पोत घातली आणि स्वतः मागे बसून, ती धरून, गावात आणली. भारतच्या दारापुढे त्याने आधीच तीन दिवस खपून दगडांचा चौथरा रचला होता, पाणसळीने तपासून. टँकरचा पाइप सरळ टाकीत पडेल, खालून तोटी, तोटीखाली हंडा. डोक्यावर घ्यायचं काम नाही.

भारत पाळीवरून आला तेव्हा टाकी चौथऱ्यावर बसली होती. त्याने टाकीभोवती एक फेरी मारली. बुक्कीने दोन ठिकाणी ठोकली. झाकण उघडून आत पाहिलं. घरातून दोन बादल्या पाणी आणून ओतलं आणि तोटीसमोर उकिडवा बसला. केशर दारात उभी होती.

"मामा," तो मान न वळवता म्हणाला, "तोटीच्या सांध्याला थेंब हाय."

आश्रुबा खाली वाकला. थेंब होता. त्याने खिशातून पांढरी टेप काढली, तोटी खोलली, सात वेढे दिले आणि पुन्हा आवळली. दोघंही तिथेच बसून राहिले, थेंब येतो का ते बघत.